चक्रीफूल मसाल्यात असू द्या, बाळाच्या चमच्यात नको

दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. कंपाउंडर दिवे मालवायच्या बेतात असताना एक आजी आणि त्यांची सून अडीच महिन्यांचे बाळ घेऊन घाईघाईने आत आल्या. बाळाला दोनदा उलटी झाली होती. जरा आवाज झाला की ते दचकत होते, हातपाय बारीक थरथरत होते आणि बुबुळे एका जागी ठरत नव्हती. अंगात ताप नव्हता. दूध मात्र ओढत नव्हते.

काय पाजले, असे विचारले तर आजी म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, आईचंच दूध." दुसऱ्यांदा विचारले, तेच उत्तर. तिसऱ्यांदा माझा आवाज थोडा चढला, तेव्हा सून खाली बघत म्हणाली, "आत्यांनी चक्रीफुलाचं पाणी दिलं. पोटात गॅस धरलाय म्हणून."

मग सगळे बाहेर आले. बाळ रोज संध्याकाळी रडत असे. आजींच्या भाचीने मोबाईलवर एक निरोप पाठवला होता, की चक्रीफूल उकळून पाजले की बाळाचा गॅस झटकन मोकळा होतो. आजींनी मसाल्याच्या डब्यातली चार फुले कपभर पाण्यात टाकली, पाणी अर्धे आटवले आणि त्यातले निम्मे संध्याकाळभर चमच्याचमच्याने पाजले. वर मधाचे बोट. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे या सदरात किती वेळा लिहिले असेल!)

बाळाला तसेच गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे धाडले. दोन रात्री देखरेखीखाली ठेवले, झटका आला नाही आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले. हे सारे त्या काढ्यामुळेच झाले, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते सिद्ध करायला त्या फुलांची तपासणी व्हायला हवी होती आणि घाबरलेल्या घरच्यांनी उरलेला चोथा केव्हाच उकिरड्यावर टाकला होता. पण बाळाची लक्षणे नेमकी तीच होती, जी या फुलाच्या बाबतीत परदेशात अनेकदा नोंदली गेली आहेत. म्हणून आज हा विषय.

आधी हे फूल आहे तरी काय ते पाहू. चक्रीफूल हे फूल नव्हेच, ते फळ आहे. आपल्याकडे जुन्या बायका त्याला बाद्यान म्हणतात. दगडफुलाशी त्याचा काही संबंध नाही. दगडफूल ही खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी बुरशी-शेवाळाची जोडगोळी, तर चक्रीफूल एका सदाहरित झाडाचे वाळलेले फळ. साधारण आठ पाकळ्यांची चांदणी, प्रत्येक पाकळी म्हणजे एक होडीच्या आकाराची शेंग आणि तिच्यात एकेक चकचकीत तपकिरी बी. बाद्यान हा शब्द फारसी. तिकडे बादियान म्हणजे बडीशेप. युनानी हकीम याला बादियान-ए-खताई म्हणतात, म्हणजे खता देशची, चीनची बडीशेप. नावातच त्याचे गाव सांगितलेले आहे.

वास बडीशेपेसारखा का, तर दोन्हींत ॲनेथोल नावाचे एकच सुगंधी द्रव्य आहे. चक्रीफुलाच्या तेलात तर त्याचेच प्रमाण ८० ते ९० टक्के असते. पण झाडांचे नाते काही नाही. बडीशेप ही कोथिंबिरीच्या कुळातली, शेतात पिकणारी. चक्रीफुलाचे झाड दहा-पंधरा मीटर उंच जाणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे राहणारे.

हे झाड मूळचे दक्षिण चीन आणि त्याला लागून असलेल्या उत्तर व्हिएतनामचे. चीनमधला ग्वांगशी प्रांत आणि व्हिएतनाममधला लांग सोन प्रांत ही त्याची खरी आगरे. जगाला लागणाऱ्या मालाचा फार मोठा वाटा एकट्या ग्वांगशीतून येतो. डोंगरउताराची दमट हवा, फार कडक थंडी नाही आणि होरपळणारे ऊनही नाही, आम्लधर्मी भुसभुशीत माती, असे त्याचे लाड. बी लावल्यापासून फळ धरायला सहा वर्षे तरी जातात, भरघोस उत्पन्न यायला पंधरा. एकदा लागले की मात्र ऐंशी-शंभर वर्षे फळ देते. आजोबाने लावावे आणि नातवाने तोडावे, अशातला प्रकार. फळे हिरवी असतानाच उतरवतात आणि उन्हात वाळवतात. तेव्हा ती तांबूस तपकिरी होतात आणि वासही खुलतो. मोठा हंगाम पावसाळ्यानंतरचा, धाकटा वसंतातला. फळांपासून भट्टीवर तेलही काढतात.

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मध्यंतरी मला विचारले होते, की रोपवाटिकेत चक्रीफुलाची रोपे मिळतात, बांधावर लावू का? मी त्यांना सांगितले, आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हाला ते झाड टिकणे कठीण, टिकले तर पंधरा वर्षे वाट पाहावी लागेल आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ते रोप नेमके कोणत्या जातीचे हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असे नाही. शोभेसाठी म्हणून लावल्या जाणाऱ्या याच्या बहिणी आहेत. त्यातली एक विषारी आहे. मुद्दा इथेच सुरू होतो.

या बहिणीचे नाव शिकिमी, जपानी चक्रीफूल. जपानात बौद्ध मंदिरांच्या आवारात आणि थडग्यांपाशी हे झाड लावतात, त्याच्या सालीची धूपबत्ती करतात. खायला मात्र कोणी घेत नाही, कारण त्याच्या फळात ॲनिसाटिन नावाचे विष असते. आपल्या मेंदूत चेतातंतूंना आवरून धरणारे, शांत ठेवणारे एक रसायन असते. ॲनिसाटिन त्या रसायनाचे काम अडवते. लगाम सुटलेल्या घोड्यासारखी मेंदूची गत होते. उलट्या, अस्वस्थपणा, थरथर, डोळ्यांची भिरभिर आणि मात्रा जास्त असेल तर सरळ फेफऱ्यासारखे झटके.

दोन्ही फळे वाळल्यावर दिसायला इतकी सारखी, की शास्त्रज्ञांचीही गफलत झाली. लिनियसने अठराव्या शतकात 'ॲनिसॅटम', म्हणजे बडीशेपेसारखे, हे नाव दिले ते नेमके जपानी झाडाला. खऱ्या मसाल्याच्या झाडाला त्याचे वेगळे शास्त्रीय नाव १८८८ साली मिळाले आणि त्यात मुद्दाम 'व्हेरम', म्हणजे खरे, असा शब्द घालावा लागला.

जाणकार काही फरक सांगतात. जपानी फळ जरा लहान, शेंगेचे टोक अधिक बाकदार, वास बडीशेपेपेक्षा कापूर-वेलचीच्या अंगाने जाणारा. परंतु वाळून, घासून, पोत्यातून दहा हातांतून आलेल्या मालात टोके मोडलेली असतात. शंभर खऱ्या फुलांच्या वासात चार खोट्यांचा वास लपून जातो. पूड असेल तर प्रश्नच मिटला. खात्री हवी तर प्रयोगशाळा हवी, स्वयंपाकघरातल्या नाकाचे ते काम नाही.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, घडलेले सांगतो. २००१ च्या सप्टेंबरात हॉलंडमध्ये एक वनस्पतिजन्य चहा पिऊन ६३ जणांना दोन-चार तासांत मळमळ, उलट्या असा त्रास झाला. त्यांतल्या १६ जणांना मोठे झटके आल्याने रुग्णालयात न्यावे लागले. चहातल्या चक्रीफुलात जपानी माल मिसळलेला निघाला. ही सगळी हौसेने चहा पिणारी माणसे होती. पुढे २००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की चक्रीफुलाचा चहा पिऊ नका. त्यांच्याकडे सुमारे ४० जणांना त्रास झाल्याच्या नोंदी आल्या होत्या आणि त्यांत १५ च्या आसपास तान्ही बाळे होती. मायामीच्या एका बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००४ साली अशाच सात बाळांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिथे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांत पोटदुखीवर बाळाला हा चहा पाजायची जुनी रीत आहे. आज्या तिकडच्या असोत की इकडच्या, हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो. तो इशारा आणि ती हकीगत वाचली तेव्हा, आपल्याकडे हे कोणी करत नाही, अशी माझी समजूत होती. मोबाईलने ती खोटी ठरवली.

कारण आपली रीत ही नव्हेच. माझ्या आजीच्या गुटीच्या पिशवीत वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, बेहडा, काकडशिंगी, सुंठ, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम असे सगळे असे. सहाणेवर एकेकाचे ठरावीक वेढे. त्यात चक्रीफूल नव्हते. गुटीबद्दल माझे मत काय आहे ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको, मग गुटी कुठली? त्यावरून मला बरीच रागाची पत्रे आली आहेत. पण ज्यांचा पिढीजात अनुभवावर विश्वास आहे त्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की चक्रीफुलाच्या काढ्याला आपल्याकडे त्या अनुभवाचा आधार नाही. 'आजीबाईच्या बटव्यातले' म्हणून जे फिरते आहे, ते आपल्या कुठल्याच आजीच्या बटव्यात नव्हते.

"पण डॉक्टर, आपण मसाल्यात वर्षानुवर्षे घालतोच ना?" हा प्रश्न त्या आजींनीही केला. रास्त प्रश्न आहे. जरा हिशेब करू. आमच्या घरी उन्हाळ्यात मसाला कांडून आणतात तेव्हा किलोभर मिरचीला दोनएक तोळे, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास बाद्यान पडते. धणे, खोबरे, कांदा-लसूण सगळे धरून मसाला होतो दोन किलोच्या घरात. आमटीत पडणाऱ्या ५ ग्रॅमच्या चमच्यात चक्रीफूल येते अवघे ०.०५ ग्रॅम आणि ती आमटीही घरातली चार माणसे वाटून खातात. आता काढ्याकडे या. चार फुले म्हणजे अंदाजे ४ ग्रॅम. निम्मा काढा पोटात गेला म्हणजे २ ग्रॅमचा अर्क. अख्ख्या घराच्या आमटीच्या चाळीसपट. तोही पाच किलोच्या जिवाला. फुलातला सगळा अंश पाण्यात उतरत नाही हे खरे. तरी मसाल्याची चिमूट आणि हा काढा यांची तुलना होऊच शकत नाही.

दुसरी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. खऱ्या, चिनी चक्रीफुलातही ॲनिसाटिनच्या जातीची द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात सापडली आहेत. जपानी संशोधकांनी १९९६ साली ती वेगळी काढली आणि मोठ्या मात्रेत उंदरांना दिल्यावर त्यांना झटके आले. मसाल्याच्या मात्रेत त्याची भीती बाळगायचे कारण नाही. पण 'आमचे फूल खात्रीच्या दुकानातले आहे' एवढ्याने बाळाला काढा पाजायला मोकळीक मिळत नाही.

या फुलाला औषधाची कीर्ती मिळाली ती आणखी एका कारणाने. तो किस्सा आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला. शाळा बंद, तोंडाला रुमाल आणि टॅमिफ्लू हे नाव सगळ्यांच्या तोंडी. ही गोळी ज्या शिकिमिक आम्लापासून बनते ते चक्रीफुलातून काढतात, असे वर्तमानपत्रांत आले आणि लोकांनी चक्रीफुलाचे पाणी प्यायला सुरुवात केली. माझ्याकडेही तेव्हा रोज दोघे-तिघे विचारायला येत. करोनाच्या साथीत २०२० साली काढ्यांचा पूर आला, त्यातही चक्रीफूल पुन्हा डोकावले.

बातमी खरी होती, निष्कर्ष चुकीचा. शिकिमिक आम्ल हा कच्चा माल आहे. त्यावर कारखान्यात दहाएक रासायनिक पायऱ्या केल्यावर ऑसेल्टामिव्हिर हे औषध तयार होते. शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला मारत नाही. कापसाच्या बोंडाला सदरा समजून अंगात घालण्यासारखे हे झाले. शिवाय हे आम्ल आता जिवाणूंच्या मदतीने आंबवूनही बनवता येते, त्यामुळे फुलाची मक्तेदारी राहिलेली नाही. गंमत अशी, की शिकिमिक हे नाव पडले ते त्या विषारी शिकिमी झाडावरून. १८८५ साली आइकमन नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने ते त्या झाडाच्या फळातून प्रथम वेगळे केले. हे आइकमन म्हणजे बेरीबेरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या डॉक्टर आइकमनांचे भाऊ.

आता मूळ प्रश्न, संध्याकाळी रडणाऱ्या बाळाचे काय करायचे? आईवडिलांचा जीव कासावीस होतो, शेजारी दार ठोठावतात आणि रात्री अकराला जो कोणी जो उपाय सांगेल तो करावासा वाटतो. मी स्वतः दोन मुलांच्या वेळी हे भोगले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे रडणे सुरू होते, दीड महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. बाळ दूध नीट पीत असेल, वजन वाढत असेल, दिवसभर खेळते राहत असेल, तर त्याच्या पोटात काही बिघडलेले नसते. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. उभे धरून फिरवा. पोटावर हलक्या हाताने चोळा. घरातले आवाज, दिवे कमी करा. आईला तासभर झोपू द्या आणि बाळ वडिलांनी घ्यावे. (हा शेवटचा उपाय आमच्याकडे सर्वांत कमी केला जातो.) गंमत म्हणजे चौथ्या महिन्यात बाळ शांत झाले, की त्याचे श्रेय त्या वेळी जे काही पाजत असू त्याला मिळते. बरेचसे काढे असेच प्रसिद्ध झाले आहेत.

पण उलटी हिरवट असेल, पोट टणक फुगले असेल, शौचात रक्त असेल, ताप असेल, बाळ दूध सोडत असेल किंवा निपचित पडत असेल, तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना काय पाजले ते पहिल्या फटक्यात खरे सांगा. उरलेला काढा, चोथा, पुडी जे असेल ते बरोबर आणा. कोणी रागावले तर रागावू द्या. त्या दिवशी माझी तीन मिनिटे 'काही नाही दिलं' ऐकण्यात गेली. बाळाला झटका आला असता तर ती तीन मिनिटे महागात पडली असती.

मोठ्यांसाठी माझे म्हणणे एवढेच. मसाल्यात, पुलावात, मटणाच्या रश्श्यात चक्रीफूल जरूर घाला. त्या चवीला तोड नाही. चिनी लोकांच्या पंचमसाल्यात आणि व्हिएतनामी लोकांच्या फो नावाच्या शेवयांच्या रश्श्यात तर त्यावाचून भागत नाही. घेताना अख्खी फुले घ्या, चुरा आणि पूड नको. एक पाकळी मोडून पाहा. गोडसर बडीशेपेचा वास घमघमला पाहिजे. वासच येत नसेल तर तेल काढून घेतलेला माल असू शकतो आणि कापरासारखा उग्र वास आला तर दुकानदाराला परत करा. रोज सकाळी चार-पाच फुलांचा काढा पिण्याचे वेड मात्र सोडा. गर्भवतींनी, फिट येणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. जेवणानंतर पोट जड वाटते? चमचाभर बडीशेप चावा. ॲनेथोल तिच्यातही आहे, आपल्याच शेतात पिकते आणि तिच्यात मिसळायला कोणी विषारी बहीण नाही.

दुकानदारांनाही एक विनंती आहे. 'बाळाच्या गॅससाठी' असे सांगून चक्रीफुलाची पुडी बांधून देऊ नका. आपण विकता तो मसाला आहे. गिऱ्हाईक अडून बसले तर माझ्याकडे पाठवा, मी समजावीन.

त्या आजी मागच्या सोमवारी ब्लडप्रेशर दाखवायला आल्या होत्या. बाळ आता पालथे पडते म्हणाल्या. औषधाची चिठ्ठी घेऊन उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, डब्यात अजून मूठभर फुलं आहेत. टाकून देऊ का?" मी म्हटले, "वास घेऊन पाहा. गोड असेल तर यंदाच्या मसाल्यात घाला."